१९७३ ची एमजीबी जीटी घेऊन पुन्हा उभी करावी का? जाणकारांचा सल्ला हवा

थेम्सकाठी

मंडळी, इथून जवळ एका शेतावरच्या शेडमध्ये १९७३ ची एमजीबी जीटी (एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, जीटी म्हणजे बंद छताची) विकायला आहे. मालक १८०० पौंड मागतोय. गाडी गेली वीसेक वर्षं रस्त्यावर आलेली नाही. इंजिन जागेवर आहे पण सुरू होत नाही, काचा धड आहेत, सीट फाटल्यात, सोबत दोन खोकी भरून सुटे भाग. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) त्याच्याच नावावर आहे.

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. घराला एक गाडी मावेल एवढं गॅरेज आहे. सांगलीत मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुढे नोकरी सॉफ्टवेअरची लागली, पण हातात पाना धरायची हौस गेली नाही. घरच्या गाडीचे ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्ट मीच करतो. वेल्डिंग मात्र येत नाही.

हीच गाडी का, तर ती इथली आहे म्हणून. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना माझ्या घरापासून गाडीने तासाच्या आत. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी तिथे बनल्या. त्यात जीटीचं ते मागे उतरत जाणारं छत पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचं. रस्त्यात एखादी दिसली की मी अजूनही थांबून ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघतो. असली गाडी आपल्या हाताने चालती करावी, एवढंच मनात आहे. नफ्यासाठी घ्यायची नाही.

घ्यावी का? बघायला गेल्यावर काय काय तपासावं? आणि वेल्डिंग न येणाऱ्या माणसाने या भानगडीत पडावं का?

ऋतुजा के.

वाचतेय. फोटो टाका आधी.

गोट्या ठाणेकर

एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना? आमच्या सोसायटीत चार उभ्या आहेत, हवी तर एक ढकलत आणून देतो :)

थेम्सकाठी

@गोट्या, नाव तेच, घराणं वेगळं. ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस हे दुकान, त्यावरून एमजी. आता ते नाव चीनच्या साइक कंपनीकडे आहे आणि हेक्टर २०१९ पासून गुजरातेत हलोलला बनते. पण ढकलत आणायची तयारी ठेव, गाडी घरी न्यायला माणसं लागतीलच.

हिशेबनीस

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चालती, नीटनेटकी जीटी इथे दहा हजार पौंडांच्या आत-बाहेर मिळते. तुमची १८०० ची गाडी रंगासकट पूर्ण होईपर्यंत पंधरा हजार सहज खाईल, आणि त्यात तुमच्या मेहनतीचा एक पैसाही धरलेला नाही. ई-टाइप जॅग्वारसारख्या गाडीत एवढा खर्च करून निदान किंमत उभी राहते. एमजीबी भरपूर बनल्या, त्यामुळे भाव चढत नाही. दुसऱ्या कोणी पैसे ओतून पूर्ण केलेली घ्या, रविवारी चालवा. गाडी चालवण्यासाठी असते.

पाना-पक्कड

हिशेबनीस, बरोबर आहे तुमचं, पण ज्याला हातानं करायचंय त्याला चालती गाडी घेऊन काय समाधान मिळणार? नाद असतोय एकेकाचा.

थेम्सकाठी, इंजिनाची काळजी अजिबात करू नकोस. आमच्या वडलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज. अँबॅसिडरच्या पेट्रोल इंजिनावर त्यांची हयात गेली. ते इंजिन १४८९ सीसी, तुझ्या एमजीबीचं १७९८, पण दोन्ही बीएमसी या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या एकाच बी सीरिजची. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, पुशरॉड, वर रॉकर. आपल्या अँबॅसिडरला एक एसयू कार्बोरेटर, तुझ्या गाडीला जोडीनं दोन. वडलांना एमजीबीच्या इंजिनाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "हे तर आपलंच पोरगं, जरा अंगानं मोठं झालंय."

टपेट पंधरा थाऊला (इंचाच्या पंधरा हजारांश फटीला) लाव, एसयूच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे का बघ, दोन्ही कार्बोरेटर सारखा श्वास घेतात का ते रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐक. बाकी इंजिन बोलतंय आपोआप.

शुभदा_स्विंडन

मी एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची) पूर्ण उघडून पुन्हा बांधली आहे, आणि आता एका मैत्रिणीच्या जीटीचं काम चालू आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. (तुम्ही ॲबिंग्डनचा उल्लेख केलात म्हणून सांगते, एमजीबीच्या बॉडी आमच्या स्विंडनला प्रेस व्हायच्या. त्या जागेवरून जाताना मला अजून भरून येतं.)

पाना-पक्कड म्हणतात ते अगदी खरं, इंजिनाला घाबरू नका. म्हणूनच इंजिन बघून गाडी घ्यायची नाही, पत्रा बघून घ्यायची. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. सगळा भार पत्र्याच्या बांधणीवर, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा दारांखालून जाणाऱ्या सिलचा. बाहेरून दिसतो तो एकच पत्रा. आत आणखी एक, मध्ये पडदा, आणि खालून कॅसल सेक्शन म्हणतात तो घडीचा तुकडा. सडतं ते आतून. पुढच्या फेंडरमागे चिखल साठतो, पाणी सिलमध्ये उतरतं आणि तिथेच मुरतं. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते उरलंसुरलं काम पूर्ण करतं.

बघायला जाताना छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. सिल, मागच्या चाकापुढचा कोपरा, पुढच्या फेंडरचा तळ, सगळीकडे फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. बॉनेटवरही फिरवा. सुरुवातीच्या एमजीबींना ॲल्युमिनियमचं बॉनेट होतं, तिथे चिकटत नाही. १९७३ च्या गाडीला स्टीलचं, तिथे चिकटलंच पाहिजे.

मग सीटमागचा गालिचा उचला. तिथल्या झाकणाखाली बॅटरीची खोकी आहेत. त्या काळी सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या आणि ॲसिड सांडून ती खोकी आधी जातात. तळाचा पत्रा, मागचे पाटे जिथे पुढून अडकवलेत ती जागा, डिकीचं मोठं दार, सगळं खाली झोपून टॉर्चने बघा. स्वच्छ कपडे घालून जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा जॅकची. दार बंद करून दार आणि मागचं फेंडर यांच्यामधली फट डोळ्यांत साठवा. जॅक लावायच्या जागी जॅक लावून ती बाजू उचला. फट बारीक झाली किंवा दार अडकायला लागलं तर सिल गेला. जीटीला छताचा आधार असल्याने फरक रोडस्टरपेक्षा कमी दिसतो, पण दिसतो. जॅकच पत्र्यात घुसला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

सिलवर स्टेनलेसच्या चकचकीत पट्ट्या असतील तर जास्तच संशय घ्या. जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा वरून चिकटवून देणारे खूप आहेत. खरं काम करायचं तर पुढचं फेंडर सोडवावं लागतं (ते बोल्टचं आहे), मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो, आतपर्यंत सगळं काढावं लागतं. आणि एका वेळी एकच बाजू. दाराच्या चौकटीला आडवी पट्टी टाकून, दर थोड्या वेल्डिंगनंतर दार लावून फट बघत जायचं. घाई केली तर गाडी मधून वाकते आणि मग ते दार आयुष्यात नीट लागत नाही.

वेल्डिंग शिकता येतं. मी संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग शिकले. पण पहिला हात सिलवर चालवू नका. बॅटरीचं खोकं, तळाचे तुकडे यांवर बसवा हात.

ऋतुजा के.

शुभदाताई, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

थेम्सकाठी

शुभदाताई, मनापासून आभार. छापून सोबत नेतो. मालकाच्या जाहिरातीत "नवे सिल बसवलेले" असं लिहिलंय, आणि फोटोत स्टेनलेसच्या पट्ट्याही दिसतायत.

शुभदा_स्विंडन

हम्म. काम चालू असतानाचे फोटो आहेत का विचारा. ज्याने खरंच केलंय तो फोटो काढल्याशिवाय राहत नाही.

विजेरी

माझं मत वेगळं आहे. पत्रा चांगला असेल तर जुनं इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवा. ना धूर, ना तेलाची गळती. इंग्लंडमध्ये असं करून देणारे आहेत. पुढच्या पिढीला ही गाडी रस्त्यावर बघायला मिळायची असेल तर तोच मार्ग टिकेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पाना-पक्कड

विजेरीभाऊ, मग उरलं काय? बी सीरिजचा आवाज काढला की नुसता टप राहतो.

विजेरी

टप दिसतो किती सुंदर ते तुमच्याच धागाकर्त्याने लिहिलंय :)

वाळवंटी

फिनिक्सहून. माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड आहे, तीही मोडक्या अवस्थेत घेतलेली. इथल्या कोरड्या हवेत पत्रा पन्नास वर्षं टिकतो. एमजीबीचा मोठा हिस्सा अमेरिकेतच विकला गेला, त्यामुळे ॲरिझोना-कॅलिफोर्नियातल्या कोरड्या बॉडी आजही सापडतात. ब्रिटनमधले कितीतरी लोक इथून गाडी परत नेतात आणि स्टिअरिंग उजवीकडे करून घेतात. ही गाडी त्या दृष्टीने सोपी आहे. पण उन्हाने डॅशबोर्ड तडकतो, रबर आणि सीट यांचा भुगा होतो, ते सगळं नवं घालावं लागतं. पत्र्यापेक्षा ते परवडलं.

एक लक्षात ठेवा, १९७५ पासून इकडच्या एमजीबींना दोन एसयूंऐवजी एकच स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आहे, आणि रबरी बंपरच्या गाड्या उंचीला दीडेक इंच वाढवलेल्या. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धूर-तपासणी माफ, त्यापुढच्यांना नाही. म्हणून तिकडे १९७६ नंतरच्या स्वस्त मिळतात.

२४०झेडबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो, २.४ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, आणि चढाला लागली की अंगावर काटा येतो. भाव मात्र आता हाताबाहेर गेलेत.

नाना वाकडेवाडी

मी पुण्यात स्टँडर्ड हेराल्ड सांभाळून आहे. मद्रासला बनायची, आराखडा मिकेलॉटी या इटालियन डिझायनरचा. चार दारांची हेराल्ड फक्त आपल्याकडे झाली, इंग्लंडातही नाही. पुढचा सगळा भाग बॉनेटसकट उचलला जातो, चाकावर बसून आरामात काम करता येतं. माझी पंचाहत्तरी झाली तरी टपेट मीच लावतो, ते याच सोयीमुळे.

थेम्सकाठींना माझी सूचना: ट्रायम्फ स्पिटफायर बघा. ती याच हेराल्डच्या चॅसीची आखूड आवृत्ती. चॅसी वेगळी असल्याने बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. नवशिक्याला त्याहून सोपी स्पोर्ट्स कार नाही.

भारतातल्या मंडळींसाठी: पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमांनी सुरू झाली. नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

शुभदा_स्विंडन

नाना, हेराल्डचे फोटो बघायला फार आवडेल. स्पिटफायर गोड गाडी आहे आणि बॉनेट उघडल्यावर कामाला जागा खरंच भरपूर. पण एक सावधगिरी: हेराल्डच्या चॅसीला बाजूचे आधार होते, स्पिटफायरला ते काढून टाकले. त्यामुळे तिचेही सिल भार घेतात. चॅसी वेगळी आहे म्हणून बेफिकीर राहून बॉडी उचलली की ती मधोमध झुकते. तिथेही आधी पट्ट्या टाकून चौकट बांधावी लागते.

नाना वाकडेवाडी

हे मला ठाऊक नव्हतं, शुभदाताई. आमच्या हेराल्डला आधार आहेत, त्यामुळे कधी प्रश्नच आला नाही. धन्यवाद.

मांडवीकार

पत्रा सडण्याबद्दल आम्हा गोंयकारांना कोणी सांगायला नको. पावसाळ्यात चार महिने हवाच ओली. म्हणून मला आमची सॅन स्टॉर्म आठवली. १९९० च्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, फायबरची बॉडी. ताकद बेताची होती, पण मिरामारच्या रस्त्याने छत उघडून जाताना सगळे वळून बघायचे. थोड्याच बनल्या. कोणाच्या अंगणात पडून असेल तर भंगारात देऊ नका हो, मला कळवा. आपल्या मातीत बनलेल्या स्पोर्ट्स कार किती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

गोट्या ठाणेकर

सॅन स्टॉर्म! लहानपणी मासिकातलं तिचं चित्र कापून वहीत चिकटवलं होतं.

लंडनची मावशी

गाडीतलं मला फार कळत नाही, पण यजमानांच्या जुन्या गाडीचे सगळे कागद मीच बघते, तेवढं सांगते. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर शून्य, लंडनच्या यूलेझचा (जास्त धुराच्या गाड्यांवरचा) आकार नाही, आणि मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणी, हीसुद्धा सक्तीची नाही, मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. तरी एमओटी करून घ्याच. परक्या डोळ्यांनी ब्रेक बघितलेले बरे.

लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, तसं त्यावरच छापलेलं असतं. विकत घेतल्याची सहीची पावती घ्या, चॅसी नंबर स्वतः वाचून लॉगबुकाशी ताडून बघा. गाडी घरी आणून उघडून ठेवणार असाल तर सॉर्न (गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवणं) जाहीर करा, नाहीतर दंडाचं पत्र येतं. गॅरेजात उभ्या गाडीचाही विमा मिळतो, तो स्वस्त असतो. मूळ रंग, कारखान्यातून निघाल्याची तारीख वगैरे हवं असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून दाखला मागवता येतो.

आणि पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) भरा. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय, त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात.

पाना-पक्कड

मावशी, गाडीतलं कळत नाही म्हणता आणि ई१० सांगता!

हिशेबनीस

मावशींचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. शुभदाताई, एक शंका. बॉडी अगदीच गेली असेल तर नवी मिळते असं ऐकलं, ते खरं का?

शुभदा_स्विंडन

खरं आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज जुन्याच साच्यांवर एमजीबीची नवी बॉडी १९८८ पासून बनवते. पण नुसत्या बॉडीलाच दहा हजार पौंडांच्या वर पडतात, पुढे रंग, काचा, सगळं वेगळं. म्हणजे हिशेब पुन्हा तुमच्याच मुद्द्यावर येतो. म्हणून मी म्हणते, सडका पत्रा स्वस्तात घेण्यापेक्षा चांगला पत्रा थोडा महाग घ्यावा. मजुरी सगळी तिथेच जाते. सिलचे पत्रे काही शे पौंडांत येतात, ते बसवून घ्यायला व्यावसायिक त्याच्या कितीतरी पट घेतो, आणि तो बरोबरच घेतो.

जुना खेळाडू

वायरिंगचं काय? या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीला तिकडे लोक अंधाराचा राजा म्हणतात ना?

पाना-पक्कड

लुकासला उगाच बदनाम केलंय. आपल्याकडे लुकास-टीव्हीएसचे डायनॅमो, स्टार्टर किती वर्षं चालले बघा. जुन्या गाडीत दहापैकी नऊ वेळा अर्थिंग गेलेलं असतं. बॉडीवर जिथे वायर बोल्टनं बसवलीय तिथं रंग आणि गंज घासून काढायचा, जोड साफ करायचे. दिवे लागतात.

थेम्सकाठी

मंडळी, जाऊन आलो. सोबत शुभदाताईंचा प्रतिसाद, चुंबक, जॅक आणि टॉर्च.

गाडी समोर आली तेव्हा क्षणभर सगळं विसरलो. धुळीने माखलेली, तरी काय रेषा आहेत! मग यादी बाहेर काढली. बॉनेटला चुंबक घट्ट चिकटलं. उजव्या सिलला अर्ध्यावर पकड सुटली. मागच्या चाकापुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तर नुसती लांबी. बॅटरीच्या एका खोक्यातून खालची जमीन दिसत होती. काम चालू असतानाचे फोटो विचारले, तर नाहीत म्हणाला. डावीकडे जॅक लावला, दाराची फट डोळ्यांदेखत बारीक झाली आणि खालून कुरकुर ऐकू आली. तिथेच जॅक उतरवला आणि मालकाचे आभार मानून निघालो.

वाईट वाटलं. पण या धाग्यामुळे मी ती गाडी घेतली नाही, आणि घरी येताना मनात जराही शंका नव्हती.

शुभदा_स्विंडन

योग्य केलंत. जवळच्या एमजी क्लबच्या बैठकीला जा. चांगल्या गाड्या जाहिरातीपर्यंत येतच नाहीत.

थेम्सकाठी

शुभदाताई, क्लबच्या बैठकीला गेलो आणि तिथल्या एका आजोबांनी स्वतःहून विचारलं. १९७१ ची जीटी, क्रोम बंपर. सिल, तळ, बॅटरीची खोकी सगळं त्यांनी व्यवस्थित करून घेतलेलं, फोटोंचा अख्खा अल्बम आणि पावत्या. जॅकवर घेतली, फट जागची हलली नाही. ओव्हरड्राइव्हसुद्धा आहे. नंतर त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी उभी राहिली. इंजिन जाम झालंय, हाताने फिरत नाही. म्हणाले, "पूर्ण करणाऱ्याला द्यायची आहे." ३२०० पौंडांना ठरली. गाडी गॅरेजात आली आहे!

ऋतुजा के.

अभिनंदन!!! आता तरी फोटो?

हिशेबनीस

अभिनंदन. आकडे आता जुळतायत. पुढचा खर्च लिहीत चला, खूप लोकांना उपयोग होईल.

विजेरी

अभिनंदन! इंजिन नाहीच सुटलं तर मी आहे.

पाना-पक्कड

सुटतंय ते, विजेरीभाऊ.

वडलांना विचारून लिहितोय. स्टार्टर अजिबात मारू नकोस. चारी प्लग काढ. रॉकर शाफ्ट सोडव, म्हणजे वाल्व अडकलेत का पिस्टन ते कळंल. मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून प्लगच्या भोकातून चारी सिलिंडरमध्ये ओत आणि गाडी तशीच राहू दे. जवळपास आगीची ठिणगी नको, गॅरेजचं दार उघडं ठेव. मधून मधून पुन्हा भर. नंतर क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून अगदी थोडं पुढं, थोडं मागं. लांब पाईप घालून जोर करायचा नाही, रिंगा तुटतील. आणि हो, मेट्रिक पाने चालणार नाहीत, सगळे इंची लागतील.

सुटलं की आधी जुनं तेल काढून टाक. सुरू झाल्यावर तेलाच्या प्रेशरच्या काट्याकडं बघ. गरम इंजिनावर, चालत्या गाडीत पन्नास पीएसआयच्या वर राहिला तर बेअरिंग चांगली आहेत.

थेम्सकाठी

काकांना माझा नमस्कार सांग. इंची पानांचा सेट आजोबांनी गाडीसोबतच दिलाय. आज प्लग काढले, तिसरा जरा अडलाय, त्यावर तेल सोडून ठेवलंय.

शुभदा_स्विंडन

तिसऱ्यावर जोर करू नका, हेडमधले आटे जातील. आणि इंजिन नाहीच सुटलं तर गिअरबॉक्ससकट बाहेर काढू, होइस्ट माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारी मोकळी आहे, स्विंडनहून यायला तास लागेल. पत्ता व्यनित पाठवा.